जात्याचे वजन

२००३ सालच्या दिवाळीत मी आत्याला पुण्यात माझ्या खोलीवर आणले, संगणकासमोर बसवले आणि तिचा उजवा हात माउसवर ठेवून दिला. पडद्यावर मी काढलेले एक जाते होते. माउस गोल फिरवला की जात्याची वरची तळी फिरायची, चार फेऱ्या झाल्या की आत्याच्याच आवाजातली ओवीची एक ओळ ऐकू यायची, आणि हात थांबला की सुरू असलेली ओळ संपून शांतता पसरायची. आत्याने आयुष्यात पहिल्यांदाच माउस धरला होता, तरी तो कसा फिरवायचा हे तिला सांगावे लागले नाही. तिने पाच-सहा फेऱ्या दिल्या, स्वतःचा आवाज ऐकला आणि हात काढून घेत म्हणाली, "जातं रिकामं हाय गं. रिकामं जातं फिरवू नये, दगड दगडाला खातो."

ती कृती मी का केली हे आधी सांगायला हवे. मी ग्राफिक डिझायनर. त्या काळात फ्लॅश या सॉफ्टवेअरवर छोट्या-मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळांसाठी हलणारी बोधचिन्हे करून देणे हे माझे पोटापाण्याचे काम होते. २००१ मध्ये एका सायबर कॅफेत, तासाला २५ रुपये भरून, मी ओल्या लियालिना या रशियन कलावतीची १९९६ सालची एक कृती पाहिली. तिचे नाव मराठीत 'माझा प्रियकर युद्धावरून परतला' असे होईल. काळा पडदा, पांढरी अक्षरे आणि काही जाडसर दाण्यांची काळी-पांढरी चित्रे, एवढेच तिचे साहित्य. युद्धावरून आलेला तरुण आणि त्याची मैत्रीण जेवणानंतर एकटे बसले आहेत आणि त्यांना एकमेकांशी बोलणे जमत नाही. आपण एखाद्या वाक्यावर क्लिक करतो, तशी चौकट दुभंगते, एकाच्या दोन, दोनांच्या चार चौकटी होत जातात, प्रत्येकीत संभाषणाचा एक तुकडा उरतो आणि शेवटी एकेक चौकट काळी पडून जाते. कॅफेतल्या मोडेमवर प्रत्येक चित्र वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरत होते. ती वाट पाहणे मला त्या दोघांमधल्या अवघडलेपणाचाच भाग वाटले. वेबपानावरची एक साधी सोय, पान चौकटींत विभागण्याची, या बाईने माणसांतल्या दुराव्यासाठी वापरली होती आणि ते पाहताना माझा हात त्या दुराव्यात सामील होता. बोधचिन्हे हलवण्यापलीकडे या साधनांनी काही करता येते हे मला त्या दिवशी समजले.

दुसरी एक कृती मी केवळ छायाचित्रांतून ओळखत होते. जेफ्री शॉ यांची 'द लेजिबल सिटी', १९८९ सालची. जागेवर घट्ट बसवलेली सायकल, तिच्यापुढे मोठा पडदा, आणि पडद्यावर इमारतींच्या जागी प्रचंड अक्षरांचे रस्ते. प्रेक्षक पायडल मारील तेवढाच तो त्या शहरातून पुढे जातो आणि वळेल तशी वाक्ये वाचतो. वाचण्यासाठी पायाला कष्ट पडतात, ही कल्पना माझ्या मनात घर करून राहिली. भोर तालुक्यातल्या आमच्या गावी मी लहानपणी पहाटे आत्याच्या मांडीशी झोपलेली असायची आणि ती दळत असायची. ओवी ऐकायची तर कुणाचा तरी हात फिरत असला पाहिजे, हे मला शॉ यांच्याही आधी ठाऊक होते. गिरण्या आल्या, जाती अंगणात उलथी पडली आणि ओव्या थांबल्या, कारण त्या नुसत्या बसून गायच्या गोष्टी नव्हत्याच. म्हणून २००२ मध्ये मी आत्याला पुन्हा जात्यावर बसवून कॅसेटवर तिचा आवाज ध्वनिमुद्रित केला आणि त्यातल्या बावीस ओळी वेगळ्या कापून ते जाते तयार केले.

आत्याच्या बोलण्यानंतर मी डाव्या बाजूला सूप काढले. सुपातल्या ज्वारीची मूठ उचलून जात्याच्या तोंडात टाकायची, म्हणजे वैरण घालायची, तरच ओवी ऐकू येईल आणि कडेने पीठ पडू लागेल, असे केले. वैरण संपली की ओवी थांबते आणि दगडाची कोरडी घरघर तेवढी राहते. पुढच्या उन्हाळ्यात आत्या पुन्हा आली, तिने ते फिरवून पाहिले, पीठ बरेच साठेपर्यंत फिरवले आणि "आता जडावलं" एवढेच म्हणाली. मला वाटले ती कौतुक करते आहे. तिने नेमके काय ओळखले होते ते मला वीस वर्षांनी कळले.

आत्या २०११ मध्ये गेली. जाते ज्या मोफत सेवेवर ठेवले होते ती सेवा त्याआधीच बंद पडली होती. २०२० संपता संपता फ्लॅशचा आधार काढून घेण्यात आला आणि २०२१ च्या जानेवारीपासून माझ्या संगणकावरची प्रतही उघडेना. जात्याच्या जागी एक करडा चौकोन दिसू लागला. तेव्हा मी काही केले नाही, याची मला खंत आहे. २०२३ मध्ये आत्याच्या नातवाने तिचा आवाज ऐकायला मागितला आणि मी कामाला लागले.

सगळ्यात आधी जे आहे ते गोळा केले. कपाटात तीन सीडी सापडल्या. पहिली वाचताच आली नाही, दुसरीत कामाच्या बोधचिन्हांखेरीज काही नव्हते, आणि तिसरी, जिच्यावर मार्करने 'जाते अंतिम' लिहिले होते, ती ड्राइव्हमध्ये बराच वेळ घुमत राहून अखेर उघडली. तिच्यात प्रेक्षकांसाठीची तयार फाइल होती, पण जिच्यात बदल करता येतात ती मूळ फाइल नव्हती. जुनी वेबपाने जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जुना पत्ता घातला, तर भोवतीचे पान मिळाले आणि जात्याची जागा रिकामी.

त्या पानावर मी आत्याविषयी, ओव्यांविषयी दोन परिच्छेद लिहिले होते. ते आता रोमन अक्षरे, अंक आणि विरामचिन्हांचा ढिगारा होऊन पडले होते. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वी ज्यांनी मराठी टंकले आहे त्यांना हे दृश्य परिचित असेल: तो जुना फाँट संगणकावर नसला की मराठी अशी विस्कटून दिसते. ते पाहताना मला 'जोडी' (JODI) आठवले. योआन हेमस्कर्क आणि डर्क पेसमान्स या दोघा कलावंतांचे हे जोडनाव. त्यांचे १९९५ सालचे पान उघडले की काळ्यावर हिरव्या खुणांचा अर्थहीन गोंधळ दिसतो, पण त्या पानाचा स्रोत, म्हणजे पान घडवणारा मूळ मजकूर, उघडून पाहिला तर त्याच खुणांनी रेखलेली हायड्रोजन बाँबची आकृती नीट दिसते. ब्राउझर पान दाखवताना ओळींमधल्या मोकळ्या जागा गिळून टाकतो, म्हणून वर गोंधळ आणि खाली आकृती. माझ्या पानाचे तसेच होते, फरक इतकाच की त्यांनी ते जाणूनबुजून केले होते. मी जुन्या फाँटचा तक्ता शोधून ते दोन परिच्छेद एका संध्याकाळी युनिकोडमध्ये उतरवले. जात्याच्या आतले मराठी शब्द मात्र सुखरूप होते, कारण त्या वेळी फ्लॅशमध्ये जोडाक्षरे नीट बसत नसत आणि मी कंटाळून प्रत्येक शब्दाची अक्षरे मोडून त्यांची चित्रे केली होती.

यानंतर पुढे जायचे कसे हा प्रश्न होता. या क्षेत्रात जपणुकीचे चार मार्ग मानले जातात आणि न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाच्या 'व्हेरिएबल मीडिया' उपक्रमाने ते नीट मांडले आहेत. मूळ यंत्रे आणि फाइली जपून ठेवणे हा पहिला. कृती नव्या तंत्रात उतरवणे हा दुसरा. नव्या यंत्राला जुन्या यंत्राचे सोंग घ्यायला लावणे हा तिसरा. आणि कृती नव्याने रचणे हा चौथा. त्यांची पद्धत अशी, की आधी कलावंताला विचारायचे: या कृतीत काय बदलले तर ती तुझी राहणार नाही? हा प्रश्न मी वहीत लिहिला आणि खाली उत्तरे लिहायला बसले. रंग बदलले तर चालेल. पडद्याचा आकार बदलला तर चालेल. ओवी हात न फिरवता ऐकू आली तर चालणार नाही. जाते रिकामे फिरवताना ओवी ऐकू आली तर चालणार नाही. जात्याच्या वजनाविषयी मी काहीच लिहिले नाही, कारण त्याला वजन होते हे मला ठाऊकच नव्हते.

आधी तिसरा मार्ग घेतला. रफल नावाचा एक मुक्तस्रोत कार्यक्रम आजच्या ब्राउझरमध्ये फ्लॅशच्या जुन्या फाइली चालवतो. सीडीवरची फाइल त्यात टाकली आणि क्षणात जाते पडद्यावर आले. सूप, ज्वारी, पीठ, सगळे जागच्या जागी. मी वैरण घातली, माउस फिरवला, आणि आत्याचा आवाज आला. पहिल्या ओळीला माझे डोळे भरून आले, पण दुसऱ्या ओळीला मला काहीतरी चुकते आहे असे जाणवले. जाते भिरभिरत होते. पहिली ओळ संपण्याआधीच दुसरी तिच्यावर चढत होती. हाताला काहीच लागत नव्हते. प्रत्येक गोष्ट मूळचीच होती आणि तरी हे माझे जाते नव्हते.

कारण शोधायला फाइल उकलून आतल्या सूचना वाचल्या. हलत्या चित्राच्या प्रत्येक चौकटीला, म्हणजे फ्रेमला, तळी जास्तीत जास्त १८ अंश फिरेल असे मी लिहिले होते आणि फाइलीला सेकंदाला ३० चौकटींचा वेग दिला होता. म्हणजे सेकंदाला ५४० अंश, दीड फेरी. कुणीही बाई इतक्या वेगाने दळत नाही. मग २००३ मध्ये ते बरोबर कसे वाटत होते? माझा अंदाज असा झाला की तेव्हाचा संगणक ३० चौकटी काढूच शकत नसणार, आणि मी जो आकडा हाताला बरा लागेपर्यंत बदलत बसले होते तो त्या संगणकाच्या धापेला जुळवलेला होता.

अंदाजावर काम करायचे नव्हते. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात, तपकीर गल्लीत, दोन दिवस फिरून एक पेंटियम थ्री संगणक मिळवला, एका परिचितांच्या माळ्यावरून काचेचा जुना मॉनिटर आणि चेंडूचा माउस आणला. माउसच्या पोटातला चेंडू काढून आतल्या दोन रुळांवर साठलेला काळा मळ नखाने खरवडून काढावा लागला. ती सवय बोटांना अजून होती. सीडीवरच्याच जुन्या प्लेअरवर जाते चालवले, शेजारी मोबाइलवर सेकंदकाटा ठेवला आणि दुसऱ्या मोबाइलने दोन्हींचे चित्रण करून चौकटी मोजल्या. वैरण घातल्याबरोबर सेकंदाला १० चौकटी भरल्या. दहा गुणिले १८, म्हणजे १८० अंश. दोन सेकंदांना एक फेरी, आठ सेकंदांना चार फेऱ्या, एक ओळ. आत्या कॅसेटवर ज्या लयीत दळते आहे तीच ही लय.

पण मी मोजणे थांबवले नाही, आणि त्यामुळे मुख्य गोष्ट हाती लागली. पीठ साठत गेले तसा चौकटींचा वेग उतरत गेला: ९, ८, शेवटी ७. पिठाचा एकेक कण मी अर्धपारदर्शक काढला होता आणि असे शेकडो कण रंगवताना तो जुना संगणक दमत होता. पडद्यावर हात पुढे जात होता आणि तळी मागून ओढल्यासारखी येत होती. पीठ वाढेल तसे जाते जड होत होते. हे मी लिहिलेले नव्हते, मला त्याची कल्पनाही नव्हती. आत्याच्या हाताने ते २००४ मध्येच ओळखले होते आणि तिने मला सांगितलेही होते: "आता जडावलं."

आता प्रश्न कठीण झाला. रफलसाठी फाइलीच्या सुरुवातीला लिहिलेला चौकटींचा वेग ३० ऐवजी १० करता येतो. तसे केले आणि लय परत आली. जडावणे मात्र आले नाही, कारण नवा संगणक दमत नाही. ते हवे असेल तर ते मला मुद्दाम लिहावे लागणार होते. जे यंत्राच्या अशक्तपणातून आपोआप आले ते मी हेतू म्हणून लिहिले, तर ती जपणूक की नवी रचना?

या टप्प्यावर 'ब्रॅण्डन' या कृतीच्या पुनरुज्जीवनाची माहिती मला फार उपयोगी पडली. शू ली चेंग यांची १९९८-९९ मधली ही कृती गुगनहाइमने वेबसाठी घडवून घेतलेली पहिली कलाकृती. नेब्रास्कात १९९३ मध्ये ज्याचा खून झाला त्या ब्रॅण्डन टीना या पारलिंगी तरुणाच्या कहाणीभोवती ती रचलेली आहे. तिच्यातले जावा या संगणकीय भाषेतले छोटे कार्यक्रम नव्या ब्राउझरमध्ये चालेनासे झाले, तेव्हा २०१६-१७ मध्ये संग्रहालयाने न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागासह ते भाग नव्याने लिहिले. त्यांनी जुन्या सूचना खोडल्या नाहीत. त्या निष्क्रिय करून जागच्या जागी राहू दिल्या आणि काय बदलले याच्या नोंदी केल्या. उद्या कुणी स्रोत उघडला तर कलावतीचा हात आणि दुरुस्ती करणाऱ्याचा हात वेगळे ओळखू येतील. मला हे अतिशय प्रामाणिक वाटले. गावात जात्याला टाकी लावायला माणूस यायचा. तळीवरचे जुने घाव गुळगुळीत झालेले असत आणि तो त्यांच्याच वाटेने नवे घाव घालायचा, त्याची आठवण झाली.

लियालिनांनी आपल्या त्या कृतीच्या, इतरांनी वेगवेगळ्या तंत्रांत केलेल्या आवृत्त्या एका ऑनलाइन संग्रहालयात एकत्र ठेवल्या आहेत. त्या शेजारी शेजारी पाहताना मूळ कृती अधिक स्पष्ट दिसू लागते. मीही दोन जाती ठेवायचे ठरवले. पहिले २००४ चे, रफलमध्ये, फक्त चौकटींचा वेग बदललेले, आणि त्याच्यासोबत जुन्या संगणकावर ते कसे जडावत होते याचे चित्रण. दुसरे २०२४ चे, जावास्क्रिप्टमध्ये नव्याने लिहिलेले. दुसऱ्यात फिरणे चौकटींवर अवलंबून नाही, घड्याळावर आहे, म्हणजे पुढचा संगणक कितीही वेगवान निघाला तरी जाते भिरभिरणार नाही. त्यात जडपणा मी मुद्दाम लिहिला, पण पिठावरून नाही. खऱ्या जात्यात मूठभर वैरण पडली की खुंटा जड होतो आणि दाणा दळत जाईल तसा हलका होत जातो. मी तसे केले. जुन्या जात्याचे वजन संगणकाचे होते, नव्याचे दाण्याचे आहे, आणि हा फरक मी दोन्हींच्या स्रोतात लिहून ठेवला आहे.

आवाजाच्या बाबतीत माझा निर्णय अनेकांना पटणार नाही. मूळ कॅसेट अजून चांगली आहे आणि तिच्यावरून कितीतरी स्वच्छ आवाज घेता आला असता. २००३ मध्ये मोडेमवरून उतरावे म्हणून मी ओळी इतक्या आवळल्या होत्या की आत्याचा 'स' फुटलेला ऐकू येतो. पहिल्या जात्यात मी तो तसाच ठेवला, कारण ती कृती त्या काळच्या अरुंद वाटेतून आलेली आहे. दुसऱ्यात कॅसेटवरचा पूर्ण आवाज आहे, आणि दोन ओळींच्या मध्ये तिने घेतलेला श्वासही.

त्या अरुंद वाटेचा विचार करताना मला नेहमी शिल्पा गुप्ता यांची २००३ सालची कृती आठवते. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिल्पकला शिकलेल्या या मुंबईच्या कलावतीने लंडनच्या टेट या कलासंग्रहालयाच्या संकेतस्थळासाठी 'ब्लेस्ड बँडविड्थ' केली. निरनिराळ्या धर्मांच्या प्रार्थनास्थळी त्यांनी नेटवर्कची केबल नेली, तिला आशीर्वाद मिळवले आणि ते आशीर्वाद संकेतस्थळावर येणाऱ्यांसाठी खुले केले. एका केबलला हाताने उचलून देवळात नेणे या क्रियेने त्यांनी सगळ्या अदृश्य जाळ्याला वजन दिले. माझे जाते आणि ती कृती एकाच वर्षातल्या, पण मी तेव्हा फक्त पडद्यावर काय दिसते याचा विचार करत होते आणि शिल्पा गुप्ता केबलपर्यंत पोहोचल्या होत्या.

आता बहुतेक लोक जाते मोबाइलवर उघडणार हे उघड होते. तिथे माउस नाही, बोट आहे, आणि बोट काचेवरून इतके सहज सरकते की जड काही करणे फार अवघड. बोट पुढे जाते आणि तळी मागे राहते, एवढाच उपाय मला जमला. बोट तळीपासून पाव फेरीहून जास्त पुढे गेले तर खुंटा सुटतो आणि पुन्हा धरावा लागतो. हे ठरवायला सगळ्यात जास्त दिवस लागले. एका उजव्या हाताने दोन्ही कामे करावी लागू नयेत म्हणून वैरणीचे सूप डावीकडे, डाव्या अंगठ्याच्या टप्प्यात ठेवले.

या वर्षी उन्हाळ्यात मी गावी गेले तेव्हा आत्याच्या सुनेला ते दाखवले. मी तिच्या हातात मोबाइल दिला, तर तिने तो फरशीवर ठेवला, एक पाय पसरून, एक गुडघा उभा करून त्याच्यापुढे बसली, डाव्या हाताने वैरण घातली आणि उजव्या हाताचे बोट टेकवून अंगासकट पुढेमागे होत फिरवू लागली. सासूचा आवाज आला तशी ती क्षणभर थांबली. ओळ पूर्ण झाली, जाते थांबले. तिने परत वैरण घातली आणि या वेळी न थांबता सात ओळी दळल्या. मग बोट पदराला पुसत म्हणाली, "वन्सं, आत्याबाईंचं जातं यापरीस जड व्हतं. आजून जरा जड करा की."

त्या रात्री ओसरीवर बसून मी वैरण घातल्यानंतरचा वेग १८० वरून १६० अंशांवर आणला आणि स्रोतात तारीख घालून कुणाच्या सांगण्यावरून बदलला ते लिहिले. सकाळी तिने फिरवून पाहिले आणि मान हलवली. अजून थोडे उतरवायचे आहे.